कोकणच्या हवेत रणगाडे आणि विमाने रंगवताना : वाचकांचे प्रश्न

लष्करी वाहने आणि विमाने यांच्या प्रमाणबद्ध प्रतिकृती जोडण्याच्या व रंगवण्याच्या छंदाविषयी कोकण किनाऱ्यावरील वाचकांनी पाठवलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. पत्रांचे विषय वेगवेगळे असले, तरी बहुतेक अडचणींचे मूळ हवेतील पाण्यात आहे. किटबरोबर येणाऱ्या सूचनापत्रकात आपल्याकडच्या पावसाळ्याचा विचार केलेला नसतो, त्यामुळे तो आपणच करावा लागतो.

प्रश्न : १/७२ प्रमाणातील मिग-२१ विमानाला मी ऑगस्ट महिन्यात एअरब्रशने, म्हणजे दाबलेल्या हवेने रंग फवारणाऱ्या साधनाने, लॅकर रंग दिला. रंग सुकत असताना त्यावर दुधासारखी पांढुरकी झाक आली आणि काही ठिकाणी थेंब उडाल्यासारखे गोल डाग पडले. दोष रंगाचा आहे की थिनरचा?
— एक वाचक, देवगड

उत्तर : आपण वर्णन केलेले दोष दोन असून त्यांची कारणेही वेगळी आहेत, मात्र रंग किंवा थिनर यांपैकी कशातही खोट असण्याची शक्यता कमी आहे. लॅकर रंगातील द्रावक फार वेगाने उडून जातो आणि उडून जाताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातो. कोरड्या हवेत त्याने काही बिघडत नाही, परंतु हवा बाष्पाने जवळजवळ भरलेली असताना पृष्ठभाग थोडा जरी थंड झाला, तरी त्यावर अतिशय सूक्ष्म दव धरते आणि ते ओल्या रंगाच्या थरात अडकून राहते. पांढुरकी झाक दिसते ती त्यामुळे. पारदर्शक मॅट वार्निशच्या बाबतीत हा दोष सर्वांत जास्त त्रास देतो, कारण तो थर शेवटचा असतो आणि त्याखाली आपले सगळे काम झाकले जाते.

आलेली झाक बहुतेक वेळा घालवता येते. प्रतिकृती दोन-तीन दिवस कोरड्या जागी ठेवावी, चांगली उघडीप मिळालेला दिवस निवडावा, थिनरमध्ये सुकण्याचा वेग कमी करणारा रिटार्डर थोडा मिसळावा आणि रंग न घालता केवळ या मिश्रणाचा अगदी हलका फवारा त्या भागावर मारावा. वरचा थर किंचित मऊ होतो, अडकलेले पाणी सुटते आणि रंग पुन्हा सावकाश बसतो. मात्र फवारा जास्त झाला तर रंग ओघळतो, म्हणून आधी विमानाच्या पोटाकडील भागावर प्रयोग करून पाहावा.

गोल डाग कॉम्प्रेसरमधून येतात. दाबलेली हवा गरम होते, नळीतून जाताना ती थंड होते आणि तिच्यातील बाष्पाचे पाणी होऊन ते रंगाबरोबर बाहेर उडते. कॉम्प्रेसरला पाणी अडवणारा ट्रॅप बसवलेला असला, तरी तो कॉम्प्रेसरच्या अगदी जवळ असेल तर हवा तेथे अजून गरमच असते आणि पाणी ट्रॅप ओलांडून पुढे गेल्यावर तयार होते. म्हणून पावसाळ्यात दुसरा छोटा ट्रॅप एअरब्रशच्या जवळ बसवावा, आणि टाकी असलेल्या कॉम्प्रेसरची खालची तोटी प्रत्येक वेळी काम संपल्यावर उघडून पाणी काढून टाकावे. या साध्या सवयीकडे फार दुर्लक्ष होते.

आर्द्रता मोजणारे छोटे यंत्र कामाच्या टेबलावर अवश्य ठेवावे. सापेक्ष आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या वर असेल तर लॅकरचा फवारा मारू नये, असे माझे मत आहे. वातानुकूलित खोली मिळाल्यास उत्तम, कारण त्या यंत्राने हवेतील पाणीही काढले जाते. तशी सोय नसेल तर जून ते सप्टेंबर हे महिने कापणे, घासणे, जोडणे आणि फटी भरणे या कामांना द्यावेत व फवाऱ्याची कामे दिवाळीच्या सुमारास घ्यावीत. प्लॅस्टिक विरघळवून जोडणारा पातळ गोंद पावसाळ्यातही आपले काम व्यवस्थित करतो. क्षणात चिकटणारा सायनोॲक्रिलेट गोंद तर हवेतील पाण्यामुळेच घट्ट होतो, म्हणून पावसाळ्यात तो अधिक झटपट धरतो. पण त्याची वाफ जवळपास बसून पांढरा थर येतो, तेव्हा वैमानिकाच्या कक्षावरील पारदर्शक झाकणासाठी तो वापरू नये. तेथे साधा फेव्हिकॉल पुरतो. ब्रशने लावायचे ॲक्रिलिक रंगही पावसाळ्यात चालतात, फक्त दोन थरांमध्ये एक पूर्ण दिवस जाऊ द्यावा.

प्रश्न : माझा तेरा वर्षांचा मुलगा घरातच रणगाड्यांची मॉडेल्स रंगवतो. पावसात खिडक्या बंद असतात आणि घरभर थिनरचा वास राहतो. तोंडाला साधा मास्क बांधला तर चालेल का?
— एक आई, चिपळूण

उत्तर : चालणार नाही. कापडी किंवा एन-९५ मास्क धुळीचे कण अडवतो, द्रावकाची वाफ अडवत नाही. तिच्यासाठी सक्रिय कोळशाची डबी असलेला मास्क लागतो आणि तो लावूनही खोलीत वारा खेळता असावा लागतो. या वयात त्याला पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग आणि चांगले ब्रश घेऊन द्यावेत. ब्रशने पातळ थरांत रंगवण्याचा हात एकदा बसला की पुढे एअरब्रश शिकणे सोपे जाते, त्यामुळे त्याचे नुकसान काहीच होणार नाही. रेझिनचे भाग घासायचे असतील तर ते नेहमी पाण्यात भिजवून वॉटर पेपरने घासावेत आणि हे काम स्वयंपाकघरात करू नये.

प्रश्न : १/३५ प्रमाणातील भारतीय पीटी-७६ रणगाडा पूर्ण होत आला आहे. १९७१ च्या युद्धातील देखावा करायचा आहे. चिखलासाठी आमच्या अंगणातील जांभ्याची लाल माती आणि किनाऱ्यावरची वाळू वापरू का?
— एक वाचक, मालवण

उत्तर : खरी माती वापरण्याची कल्पना मला मनापासून आवडली, परंतु ही माती या रणगाड्याची नव्हे. पीटी-७६ हा पाण्यातून तरंगत जाणारा, सुमारे १४ टन वजनाचा हलका रणगाडा आहे आणि १९७१ मध्ये नद्या-नाल्यांच्या पूर्व आघाडीवर त्याचा विशेष उपयोग झाला. २१ नोव्हेंबर १९७१ रोजी आजच्या बांगलादेशातील गरीबपूर येथे ४५ कॅव्हलरी या रणगाडा रेजिमेंटच्या पीटी-७६ रणगाड्यांनी, १४ पंजाब या पलटणीच्या साथीने, पाकिस्तानच्या शॅफी रणगाड्यांचा दाट धुक्यात सामना केला. तो प्रदेश नदीच्या गाळाचा आहे. तेथील चिखल करडा-तपकिरी असतो, ओला असताना गडद दिसतो आणि वाळला की फिकट राखाडी पडतो. जांभ्याचा लाल रंग पावसाने बाकीची द्रव्ये धुऊन गेल्यावर मागे उरलेल्या लोहाच्या ऑक्साइडचा असतो, आणि तो या रणगाड्याच्या पट्ट्यांवर दिसला तर जाणकाराला देखावा खोटा वाटेल. त्याच युद्धातील राजस्थानच्या लोंगेवालासाठी पिवळसर वाळू, बसंतरच्या लढाईसाठी पंजाबच्या शेतांची फिकट माती, याप्रमाणे प्रत्येक रणभूमीची माती आधी ठरवावी आणि नंतरच रंगाची बाटली उघडावी.

आपल्या लाल मातीचा मान राखायचा असेल तर त्यासाठी दुसरा विषय सुचवतो. १८ आणि १९ डिसेंबर १९६१ रोजी झालेल्या गोवामुक्तीच्या लष्करी कारवाईत सैन्याची एक तुकडी दोडामार्गच्या बाजूने गोव्यात उतरली होती. त्या वाटेवरची जीप किंवा लष्करी ट्रक, चाकांच्या कमानीत आणि मागच्या फळीवर बसलेली जांभ्याची धूळ, असा देखावा कोकणातील माणसाने केला तर त्यात जी अचूकता येईल ती परदेशी पुस्तकांतील छायाचित्रे पाहून यायची नाही. डिसेंबरात पाऊस नसतो हे मात्र ध्यानात ठेवावे. तेथे चिखल न दाखवता धूळ दाखवावी.

माती कोणतीही असली तरी ती प्रमाणात बसली पाहिजे. वाळूचा अर्ध्या मिलिमीटरचा कण १/३५ प्रमाणात साडेसतरा मिलिमीटरचा होतो, म्हणजे आपण वाळू म्हणून जे टाकतो ते प्रत्यक्षात खडीसारखे दिसते. म्हणून माती वाळवून खलात कुटावी आणि मलमलीच्या दुहेरी कापडातून गाळून केवळ पिठासारखा भाग घ्यावा. किनाऱ्यावरची वाळू न धुता कधीही वापरू नये. तिच्यातील मीठ हवेतील ओल ओढून घेते आणि पहिल्याच पावसाळ्यात तळाचा रंग फुगवून सोडवते. गोड्या पाण्याने अनेकदा धुऊन, कडक उन्हात वाळवून मगच ती घ्यावी. गाळलेली माती मॅट वार्निशमध्ये कालवून आधी चाकांच्या मागे व पट्ट्यांच्या खाचांत दाट लावावी, वर जाताना ती विरळ करावी आणि पट्ट्यांचा जमिनीला घासणारा भाग पुसून तेथे चकचकीत पोलाद दाखवावे. धावत्या रणगाड्यावर तो भाग कधीच गंजलेला नसतो.

प्रश्न : जुन्या आयएनएस विक्रांत या विमानवाहू नौकेवरील सी हॉक हे लढाऊ जेट विमान करायचे आहे. १/७२ घ्यावे की १/४८? रंग कोणते द्यावेत? समुद्रावरचे विमान असल्याने ते गंजलेले दाखवणार आहे, त्याविषयीही मार्गदर्शन करावे.
— एक वाचक, वेंगुर्ला

उत्तर : सी हॉकच्या पंखांचा विस्तार ११.८९ मीटर आहे. १/७२ प्रमाणात तो साडेसोळा सेंटिमीटर आणि १/४८ प्रमाणात जवळजवळ पंचवीस सेंटिमीटर होतो. पहिलेच नौदल विमान असेल तर मी १/७२ सुचवेन. वरच्या बाजूला एक्स्ट्रा डार्क सी ग्रे, म्हणजे गडद राखाडी, आणि खालच्या बाजूला स्काय, म्हणजे हिरवट झाक असलेला फिकट रंग, ही ब्रिटिश नौदलाची पद्धत भारतीय सी हॉकवरही होती. लहान प्रतिकृतीवर गडद रंग आहे त्यापेक्षा काळसर भासतो, म्हणून वरच्या रंगात थोडा फिकट राखाडी मिसळावा. विमानावरील तिरंगी भारतीय चक्रातील केशरी रंग गडद राखाडीवर मळकट दिसू शकतो. डिकॅलखाली, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील चिन्हाखाली, पांढरा थर छापलेला नसेल तर त्या मापाचे पांढरे वर्तुळ आधी रंगवून घ्यावे. डिकॅल नेहमी चकचकीत वार्निशवर बसवावे. मॅट रंगाच्या खरबरीत पृष्ठभागावर त्याच्याखाली हवा अडकते आणि पारदर्शक कडा रुपेरी दिसू लागतात.

गंजाविषयी मात्र आपल्याला आग्रहाने थांबवतो. बंदरातील लोखंडी बोटींवर नारिंगी गंज पाहण्याची आपल्या डोळ्यांना सवय आहे, पण विमानाची कातडी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची असते आणि तिला तसा गंज चढत नाही. रंग उडाला तर खाली रुपेरी धातू दिसतो, आणि खाऱ्या हवेने धातू खाल्ला गेला तर पांढरट भुकटी दिसते. शिवाय नौदलाची विमाने गोड्या पाण्याने धुऊन निगुतीने ठेवली जातात. ४ डिसेंबर १९७१ रोजी विक्रांतवरून उडून कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले करणारी विमाने लढाईत वापरली जात होती, टाकून दिलेली नव्हती, आणि ही जाणीव आपल्या रंगकामात उतरली पाहिजे. सी हॉकच्या इंजिनाचा धूर एकाच नळीतून शेपटाकडे न जाता दोन्ही पंखांच्या मुळांशी असलेल्या तोंडांतून बाहेर पडतो. तेथून मागे जाणारी काजळी, चाकांच्या दारांशी तेलाचे ओघळ आणि तंत्रज्ञ जेथे पाय ठेवतात तेथे थोडी झीज, एवढे पुरे.

शक्य असल्यास गोव्यातील बोगमाळो येथील नौदल विमान संग्रहालयाला एकदा भेट द्यावी. तेथे सी हॉक, अलिझे आणि सी हॅरियर जवळून पाहता येतात. पंखांच्या घड्या, चाकांचे दांडे आणि पॅनेलच्या रेषा यांसाठी ही विमाने अमूल्य आहेत, परंतु प्रदर्शनातील विमानांना पुन्हा रंग दिला जात असल्याने रंगछटेसाठी त्या काळची छायाचित्रेच प्रमाण मानावीत.

एक सावधगिरी. सी हॉकचे तिसरे चाक नाकाखाली असल्याने नाकात वजन भरावे लागते, नाहीतर प्रतिकृती शेपटीवर बसते. यासाठी गळाला लावायचे शिसे सहज मिळते, पण ते फेव्हिकॉलसारख्या पांढऱ्या गोंदात कधीही बसवू नये. त्या गोंदातून सुटणाऱ्या आम्लाने शिशाची भुकटी होऊ लागते, ती फुगते आणि काही वर्षांनी विमानाचे नाक आतून फुटते. इपॉक्सी वापरावे, किंवा शिशाऐवजी पोलादाचे छोटे नट घालावेत.

प्रश्न : माझ्याकडे पांढऱ्या धातूचे जुने सैनिक आणि तोफा आहेत. नवीन लाकडी शोकेसमध्ये ठेवल्यापासून त्यांच्यावर पांढरी भुकटी धरू लागली असून एका तोफेचे चाक चुरले आहे. ही बुरशी आहे का?
— एक वाचक, अलिबाग

उत्तर : ही बुरशी नव्हे. वरच्या उत्तरातील शिशाचा रोग तो हाच. जुन्या ओतीव आकृत्यांच्या मिश्रधातूत शिसे बरेच असते. नवे लाकूड, प्लायवूड, एमडीएफ आणि अर्धवट वाळलेला रंग यांतून ॲसिटिक आम्लासारखी वाफ सुटत राहते, बंद कपाटात ती साठते आणि ओलाव्याच्या साथीने शिशाचे कार्बोनेट बनवते. कोकणात दमट हवेमुळे हे लवकर घडते.

ही भुकटी विषारी आहे. ती फुंकू नये, कोरड्या ब्रशने झाडू नये आणि मुलांच्या हाती लागू देऊ नये. हातमोजे घालून टर्पेंटाइनमध्ये ओलसर केलेल्या कापसाने ती पुसावी, कापूस पिशवीत बंद करून टाकून द्यावा आणि धातू पूर्ण कोरडा झाल्यावर प्रायमरचा थर द्यावा. चुरलेले चाक परत येणार नाही. त्याच्या जोडीचे चाक शाबूत असल्यास त्यावरून साचा घेऊन रेझिनचे नवे करता येईल. रंगाचा थर रोगाला उशीर लावतो, पण कपाट तेच राहिले तर तो पूर्ण थांबवत नाही. म्हणून आकृत्या आजच बाहेर काढाव्यात आणि काच व ॲल्युमिनियमची पेटी करून घ्यावी, तिला मागे वारा जाण्यापुरती भोके ठेवावीत आणि आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या पावसाळ्यात वरचेवर तापवून कोरड्या कराव्यात. काच बसवणाऱ्या कारागिराला ॲसिटिक प्रकारचे सिलिकॉन वापरू नका, न्यूट्रल प्रकारचे वापरा, असे आधीच सांगावे. सुकताना व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या सिलिकॉनमधून तेच आम्ल बाहेर पडते. ते आधीच लावून झाले असेल तर पेटी काही आठवडे उघडी ठेवावी आणि वास पूर्ण गेल्यावरच सैनिक आत ठेवावेत.