दाबलेल्या हिमाची कणरचना एका छेदावरून कितपत कळते?

दाबून घट्ट केलेल्या हिमाच्या एकाच पातळ छेदाच्या छायाचित्रावरून कणांचा खरा आकार आणि त्यांची त्रिमितीय जुळणी काढता येईल का, असे आपण विचारले आहे. मी ठाण्यात, वागळे इस्टेटमधील एका प्रयोगशाळेत, धातूची भुकटी दाबून आणि तापवून केलेल्या भागांचे छेद तपासतो. हिमाचे कणही वितळणबिंदूच्या जवळ असल्याने असेच एकमेकांना चिकटतात आणि दोन कणांमध्ये बारीक मान तयार होते. त्यामुळे मोजणीचे गणित दोन्हीकडे एकच आहे.

छेदात दिसणाऱ्या वर्तुळांचे व्यास म्हणजेच कणांचे व्यास, हे गृहीतक प्रथम सोडून द्यावे. मोतीचुराचा लाडू सुरीने कापला तर प्रत्येक कळी मधोमध कापली जात नाही, तसेच इथेही होते. सगळे कण १ मिलिमीटर व्यासाचे अगदी गोल असले, तरी छेदातील वर्तुळांचा सरासरी व्यास सुमारे ०.७९ मिलिमीटर भरतो आणि साधारण १३ टक्के वर्तुळे अर्ध्या मिलिमीटरहून लहान दिसतात. गोल कणांसाठी हा हिशेब उलटा कसा करावा, हे संख्याशास्त्रज्ञ विक्सेल यांनी १९२५ साली मांडले. पण दाबलेल्या हिमाचे कण ना गोल असतात, ना सुटे.

म्हणून ज्यांना कणांचा आकार गृहीत धरावा लागत नाही, अशा दोन राशी आधी काढाव्यात. छेदावर बिंदूंची जाळी ठेवली की बर्फावर पडलेल्या बिंदूंचे प्रमाण हेच आकारमानातील बर्फाचे प्रमाण असते. याचा पडताळा वजनाने घ्यावाच: बर्फाची घनता घनमीटरला ९१७ किलोग्रॅम असते, तेव्हा नमुन्याची घनता ५०० असेल तर उत्तर ०.५५च्या आसपास यायला हवे. दुसरी राशी पृष्ठभागाची. छेदावर आखलेल्या चाचणीरेषेच्या दर मिलिमीटरला बर्फ आणि हवा यांची सीमा जितक्या वेळा ओलांडली जाते, त्याच्या दुप्पट म्हणजे दर घनमिलिमीटरमागे तितके चौरस मिलिमीटर पृष्ठफळ. मात्र वरून दाबलेले हिम उभ्या आणि आडव्या दिशेत सारखे नसते. त्यामुळे उभ्या अक्षाभोवती वेगवेगळ्या कोनांतून उभे छेद घ्यावेत आणि सरळ रेषांऐवजी चक्रज वक्र (घरंगळत जाणाऱ्या चाकाच्या कडेवरील बिंदू जो मार्ग आखतो तो) वापरावेत. ही काळजी न घेता काढलेल्या आकड्यावर मी विसंबणार नाही.

कणांची संख्या आणि त्यांची परस्पर जोडणी मात्र एका प्रतलातून कळतच नाही. त्यासाठी एकामागोमाग घेतलेले समांतर छेद किंवा क्ष-किरण सूक्ष्म-टोमोग्राफी, म्हणजे अनेक कोनांतून घेतलेल्या क्ष-किरण चित्रांवरून त्रिमितीय प्रतिमा उभी करणे, लागते. टोमोग्राफीतही एक उणीव राहते: मानेपाशी जोडलेल्या दोन स्फटिकांची घनता सारखीच असल्याने ते एकसंध दिसतात. पातळ छेद एकमेकांशी काटकोनात धरलेल्या दोन पोलरॉइडांमध्ये (एकाच दिशेत कंपणारा प्रकाश जाऊ देणाऱ्या पट्ट्यांमध्ये) ठेवून फिरवला, की एकेक स्फटिक आपापल्या कोनाला काळा पडतो आणि मानेतून जाणारी सीमा उठून दिसते. आपल्याला कणांची गणना हवी असेल, तर टोमोग्राफीसोबत त्याच नमुन्याचे असे दोन-चार छेद जरूर घ्यावेत.