एकाच बाजूचा ब्रेकलाइट लागत नाही, घरी दुरुस्त होईल का?
होईल की! एकच बाजू गेलीये म्हणजे बहुधा बल्ब उडालाय. दोन्ही गेल्या असत्या तर आधी फ्यूज आणि पेडलजवळचा स्विच पाहा म्हटलं असतं.

डिकी उघडून दिव्याचे स्क्रू काढा, होल्डर फिरवून बाहेर घ्या. बऱ्याच गाड्यांत १२ व्होल्टचा, २१/५ वॅटचा, दोन फिलामेंटचा (आतल्या उजळणाऱ्या तारांचा) बल्ब असतो: ५ वॅट टेललाइटला, २१ ब्रेकला. म्हणून फक्त २१ ची तार उडाली तर टेललाइट लागतो, ब्रेकलाइट नाही. पिना खालीवर असतात, त्यामुळे उलटा बसत नाही, जबरदस्ती नको. जुना बल्ब खिशात टाकून पुण्यातला नाना पेठेचा स्पेअर पार्ट्सचा बाजार गाठा, तसाच मागा. होल्डरला हिरवट गंज असेल (पुण्याचा पाऊस!) तर बारीक सँडपेपरने घासा. तपासायला रात्री गाडीची पाठ भिंतीकडे करा, पेडल दाबून आरशात बघा.