मुलगा नववीत आहे, दिवाळीपासून गप्प झालाय. शाळेत सांगावं की घरातच ठेवावं?

सांगा. पण कसं सांगता यावर बरंच अवलंबून आहे, म्हणून जरा लांबण लावते.

तुम्ही लिहिलंय, तो खोलीबाहेर येत नाही, क्रिकेट सुटलं, काही विचारलं की "काही नाही". घरातले म्हणतात, वयच तसं आहे. मी सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत बावीस वर्षं गणित शिकवतेय, बहुतेक वेळा नववी-दहावीची वर्गशिक्षिका म्हणून. वय तसं असतं, खरंय. पण वयामुळे पोरं आईबापाशी बोलायची थांबतात, मित्रांशी नाही. क्रिकेटही सुटलं, ते मला खटकलं. त्याला शेजारच्या मुलाशी ताडून बघू नका, गेल्या वर्षीच्या त्याच्याशीच ताडून बघा.

माझ्या वर्गात एक मुलगी होती, तिसऱ्या तासाला हमखास पेंगायची. स्टाफरूममध्ये आम्ही निकाल लावून मोकळे: मोबाइल, दुसरं काय! मी तिला दोनदा वर्गात उभंही केलं. पालकसभेत आईशी बोलताना कळलं की पोरगी पहाटे तीनपर्यंत टक्क जागी असते, आणि फोन तर आईच्या उशाखाली. अर्धी गोष्ट माझ्याकडे, अर्धी आईकडे, आणि चार महिने आम्ही दोघी आपापल्या अर्ध्यावरून तिला रागवत होतो. डॉक्टरांनी नैराश्य सांगितलं. औषधं, समुपदेशन सगळं झालं, ती सावरली. तिला उभं केलेलं मला अजून आठवतं.

तेव्हा वर्गशिक्षकांकडे तक्रार घेऊन जाऊ नका, तुमच्याकडची अर्धी गोष्ट घेऊन जा. त्यांना विचारा: कुणाशेजारी बसतो? डबा कुणाबरोबर खातो? वह्या अर्धवट राहतात का? अक्षर बिघडलंय का? (अक्षर आम्हाला फार लवकर दिसतं, फक्त साठ वह्यांच्या गठ्ठ्यात त्याचा अर्थ लावायला वेळ नसतो.) "आईनं सांगितलंय हं तुझ्याबद्दल" असं वर्गात कुणी म्हणणार नाही, एवढं आधी कबूल करून घ्या. आणि जाण्याआधी मुलाला सांगा. चोरून गेलात तर तो पुढच्या वेळी "काही नाही" एवढंही म्हणणार नाही.

समुपदेशक आहे का, तेही विचारा. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शाळेत एक तरी पात्र समुपदेशक हवा, असं सर्वोच्च न्यायालयानं जुलै 2025 मध्ये सांगितलंय. आमच्याकडे समुपदेशक म्हणजे ज्या बाईंचं प्रशिक्षण झालंय त्या! तरी विचारा. पालकांनी विचारल्याशिवाय मुख्याध्यापकांच्या टेबलावर हा विषय येत नाही.

घरी समोर बसवून चौकशी करू नका. गाडीवर मागे बसलेला असताना, मटार सोलताना, नजर चुकवायची सोय असली की मुलं बोलतात. बोलला तर लगेच उपाय सांगू नका, हे आम्हा शिक्षकांना सगळ्यांत जड जातं. दहावीची धास्ती असेल तर एकदा सरळ सांगून टाका: एकदोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीला जाता येतं, पुरवणी परीक्षाही असते. घरात हे कुणी उच्चारतच नाही, जणू उच्चारलं तर पोरगं नापास होईल.

तुमच्याकडे हे दिवाळीपासून चाललंय, म्हणजे नैराश्य ओळखताना डॉक्टर जी दोन आठवड्यांची खूण धरतात, तिच्या कितीतरी पुढे गेलंय. झोप, भूकही बिघडली असेल तर थांबू नका. सिव्हिलमध्ये मानसोपचार विभागाची चौकशी करा. तोवर 14416 वर फोन लावा. ही सरकारची टेलिमानस सेवा आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतही. आईवडिलांनी फोन केला तरी चालतो.

आणि "जगून काय उपयोग" अशा अर्थाचं काही बोलला, तर "जीव द्यावासा वाटतो का तुला?" असं स्पष्ट विचारा. विचारल्यानं डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाला तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. शेती असेल तर फवारणीची औषधं आजच घराबाहेर हलवा, कुलपात ठेवा, किल्ली स्वतःकडे.

शाळेत मधल्या सुट्टीत जाऊ नका, तेव्हा आमच्या एका हातात डबा असतो आणि दुसऱ्या हातात भांडणारी दोन पोरं. शाळा सुटल्यावर जा.