शिवणकाम : तुमचे प्रश्न

प्रश्न : बाळ पाच महिन्यांचं आहे. आजीच्या सुती इरकलीची रिंग स्लिंग (खांद्यावरून घेऊन दोन रिंगांत आवळायचं, बाळाला अंगाशी धरणारं कापड) शिवावी म्हणते. कापड टिकेल का? माप आणि शिलाई कशी? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : आधी साडी तपासा. उजेडासमोर धरून विरळ जागा शोधा. मग वीतभर अंतरावर दोन मुठींत कापड पकडून उभं, आडवं आणि तिरकं जोरात ओढा. जरा जरी चर्र झालं, तरी त्या साडीची गोधडी करा, स्लिंग नको. कपाटात वर्षानुवर्षं पडलेल्या घडीच्या रेषा, खांद्यावर पिनांनी झालेली भोकं आणि निऱ्यांचा खालचा भाग या तीन जागी कापड आधी जातं. फॉल लावलेला असेल तर ती कडही कापून टाका.

इरकलीत आणखी एक अडचण असते. तिच्या पदराचा ताणा (लांबीच्या दिशेचे धागे) वेगळा असून तो अंगाच्या ताण्यात गुंतवून जोडलेला असतो. हा जोड स्लिंगमध्ये येऊ देऊ नका. पदर देखणा असला तरी रेशमी आणि निसरडा असतो, तोही वगळा. जरीचे काठ बाळाच्या गालाला खरचटतात.

कापड धुऊन, आटवून घ्या आणि मगच कापा. रुंदी ७५ सेंमी, लांबी सव्वादोन मीटर; अंग भरलेलं असेल तर अडीच मीटर. लांबी ताण्याच्या दिशेनेच घ्या. तिरकं कापलेलं कापड ताणलं जातं आणि बाळ खाली उतरत राहतं.

कंजुषी करू नये अशी जागा म्हणजे रिंगा. स्लिंगसाठीच विकल्या जाणाऱ्या, जोड नसलेल्या, आतून ७.५ सेंमी व्यासाच्या दोन ॲल्युमिनियमच्या रिंगा घ्या. पर्सच्या किंवा मॅक्रमेच्या (दोरीच्या गाठींच्या कामाच्या) रिंगांचा जोड वजनाने उघडू शकतो, आणि जोडाची खरबरीत कड कापड कापते.

लांब कडा आणि एक टोक दुमडून शिवा. दुसरं टोक दोन्ही रिंगांमधून एकत्र ओवून २० सेंमी मागे घ्या, कच्ची कड दीड सेंमी आत दुमडा, टाचण्या लावा. आता पूर्ण रुंदीवर तीन टिपा मारा, प्रत्येकीत एक सेंमी अंतर ठेवून; दोन्ही टोकांना मागे-पुढे टाके घ्या. बाळाचं वजन याच तीन टिपांवर असतं. सुई १६ नंबरची, दोरा पॉलिएस्टर (बॉबिनमध्येही तोच), टाका ३ मिमीचा. बारीक टाका मजबूत असतो हा समज इथे उलटतो: भोकं जवळजवळ पडतात आणि कापड टपाल तिकिटासारखं त्याच रेषेत फाटतं. दोरा कापडापेक्षा वेगळ्या रंगाचा घ्या, म्हणजे उसवलेला टाका लगेच दिसेल.

शेवटी स्लिंग घालून तिच्यात दहा किलो तांदूळ ठेवा, चार-पाच उठाबशा काढा आणि शिवण पुन्हा बघा.

प्रश्न : दीड महिन्याच्या बाळाला स्लिंगमध्ये झोळीसारखं आडवं ठेवलं तर? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : नको. आडव्या बाळाची हनुवटी छातीला टेकते आणि आवाज न होता श्वास अडतो. चार महिन्यांखालच्या बाळांबाबत अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने २०१० सालीच सावधगिरीचा इशारा दिला होता. बाळ अपुऱ्या दिवसांचं, कमी वजनाचं किंवा सर्दीने बेजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय स्लिंग वापरू नका. एरवी बाळ उभं, पोटाला पोट लावून, गुडघे ढुंगणापेक्षा वर, चेहरा सतत तुमच्या नजरेसमोर. आणि स्लिंग घालून गॅसपाशी उभं राहायचं नाही, चहापुरतंही नाही.

प्रश्न : माझी स्लिंग दहा मिनिटांत सैल पडते आणि खांदा भरून येतो. शिवण चुकली का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : कापड सुती असेल तर बहुधा शिवण ठीक आहे, बांधणी चुकते. कापड रिंगांत गोळा झालं किंवा कडा एकमेकींवर चढल्या की पकड सुटते. ते रिंगभर पसरून घ्या. मग एका हाताने बाळाला आधार देत वरची कड, मधला भाग आणि खालची कड वेगवेगळी ओढा. शेपूट (रिंगांतून खाली लोंबणारं टोक) एकदम ओढलं तर मधलाच भाग आवळतो, कडा ढिल्याच राहतात. रिंगा सुरुवातीला खांद्याजवळ ठेवा. आवळल्यावर त्या गळ्याच्या हाडाच्या जरा खाली येतात. पाठीवरचं कापड मानेपाशी गोळा होऊ न देता खांद्याच्या गोलाईवर पसरा.