एकट्यानंच भांडा म्हणणारं कलम

प्रश्न : नमस्कार वकीलसाहेब. माझा मुलगा टेक्सासला असतो, तिकडं नवीन घर बुक करतोय. बिल्डरच्या ॲग्रीमेंटमध्ये असं आहे की काही वाद झाला तर कोर्टात जायचं नाही, लवादाकडं जायचं, आणि तेही एकट्यानं, बाकीच्या घरमालकांबरोबर मिळून 'क्लास ॲक्शन' करायचा हक्क सोडला असं लिहून द्यायचं. मुलगा म्हणतो पप्पा इथं सगळेच सही करतात. आता गंमत बघा, आम्ही इथं टू बीएचके बुक केलाय त्याच्या ड्राफ्टमध्येपण तसंच आलंय, 'लिहून घेणार यांना इतर सदनिकाधारकांसमवेत एकत्रित तक्रार अथवा दावा दाखल करता येणार नाही'. दोन्हीकडं सही करावी का? (एक वाचक, विश्रामबाग, सांगली)

उत्तर : काका, कलम सारखंच दिसतंय पण तिकडं ते चालतं आणि इकडं चालणं अवघड आहे, म्हणून आधी मुलाचं बघू कारण खरी काळजी तिथंच आहे.

अमेरिकेत 1925 पासून लवादाचा केंद्रीय कायदा आहे. 2011 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं एटी अँड टी मोबिलिटी विरुद्ध कॉन्सेप्सियन या केसमध्ये 5 विरुद्ध 4 असा निकाल दिला. वाद कितीचा होता माहितीय? 'फ्री' म्हणून दिलेल्या फोनवर लावलेल्या 30 डॉलर 22 सेंट टॅक्सचा. एवढ्यासाठी एकटा माणूस वकील लावणार का, म्हणूनच लोक एकत्र आले होते, आणि कॅलिफोर्नियाची कोर्टं असली कलमं अन्यायकारक म्हणून उडवायची, तर सुप्रीम कोर्ट म्हणालं राज्याच्या नियमानं असं उडवता येणार नाही, केंद्राचा कायदा वरचढ. त्यामुळं तिकडं सही म्हणजे सही, नंतर 'मी वाचलंच नव्हतं' म्हणून सहसा सुटका होत नाही.

घराच्या बाबतीत याचा अर्थ काय होतो तेपण सांगतो. 2000 नंतरच्या दशकात फ्लोरिडा, लुईझियाना भागात हजारो घरांत चीनमधून आलेले जिप्समचे बोर्ड भिंतींना बसवले गेले. त्यातून गंधकाचा वायू सुटायचा, घरात सडक्या अंड्यासारखा वास, वायरिंगचं तांबं काळं पडायचं, एसीच्या कॉइल पुन्हा पुन्हा जायच्या. एकट्या घरमालकानं ही भिंतीतली भानगड सिद्ध करायची म्हणजे तज्ज्ञांची फी, लॅबचे रिपोर्ट, घराचं रिपेअर परवडलं पण केस नको. शेवटी 2009 मध्ये देशभरच्या केसेस न्यू ऑर्लिन्सच्या फेडरल कोर्टात एकत्र आल्या तेव्हा कंपन्यांशी तडजोडी झाल्या. तुमचा मुलगा जो हक्क सोडतोय तो हा आहे.

मुलाला तीन गोष्टी विचारायला सांगा. लवादातून ठराविक दिवसांत बाहेर पडायची सोय, म्हणजे 'ऑप्ट आउट', आहे का, काही करारांत असते आणि ती मुदत हुकली की संपलं. लवादाची फी कोण भरणार. आणि हे कलम फक्त बिल्डरपुरतं आहे की सबकाँट्रॅक्टर आणि माल पुरवणाऱ्या कंपन्यांनापण त्यात गुंडाळलंय. बिल्डर कलम काढणार नाही बहुतेक, पण तिथल्या वकिलाला पैसे देऊन एकदा वाचून घेणं घराच्या किमतीपुढं काहीच नाही. सगळे सही करतात हे काय कारण झालं होय!

आता आपलं सांगलीचं. रेरा, म्हणजे बिल्डर आणि घरखरेदीसाठीचा कायदा, त्याच्या कलम 31 मध्ये सरळ लिहिलंय की फ्लॅटधारकांची संघटनासुद्धा तक्रार करू शकते, आणि कलम 89 प्रमाणं दुसऱ्या कायद्याशी विसंगती आली तर रेराच वरचढ. ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 35 मध्ये एकाच हिताच्या अनेक ग्राहकांसाठी एकानं किंवा काहींनी ग्राहक आयोगाच्या परवानगीनं तक्रार करायची सोय आहे. करार कायदा तर 1872 चा, त्याचं कलम 28 म्हणतं की माणसाला कायद्याच्या नेहमीच्या मार्गानं हक्क मिळवायला पुरतं अडवणारा करार तेवढ्यापुरता रद्द. वर 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानं पायोनियर अर्बन या बिल्डरच्या केसमध्ये सांगितलं की बिल्डरनं लिहिलेली एकतर्फी कलमं, जिथं ग्राहकाला ठिपक्यांच्या ओळीवर सही करण्याशिवाय पर्यायच नव्हता, ती त्याच्यावर बंधनकारक नाहीत. एवढं सगळं असताना तुमच्या ड्राफ्टमधलं ते वाक्य टिकेल असं मला वाटत नाही. मग बिल्डर लिहितो कशाला? कारण शंभरातले बरेच लोक ते वाचून गप्प बसतात, दुसरं काय.

तरीपण ते तसंच ठेवून सही करू नका. महारेरा, म्हणजे रेरा कायदा राबवणारं आपल्या राज्याचं प्राधिकरण, त्याच्या साइटवर प्रोजेक्टचा नंबर टाका, नोंदणीच्या वेळी बिल्डरनं कराराचा नमुना अपलोड केलेला असतो, तो काढा आणि हातातल्या ड्राफ्टशी पान पान लावून बघा. तिथं नसलेलं कलम इथं घुसडलंय असं दिसलं तर मेलवर लिहून विचारा, तोंडी नको. आणि फ्लॅटच्या किमतीच्या 10 टक्क्यांच्या वर पैसे करार रजिस्टर झाल्याशिवाय त्याला घेता येत नाहीत, तेव्हा घाई त्याला असू दे.

प्रश्न : कराडला आमच्या बिल्डिंगमध्ये 18 फ्लॅट आहेत. ताबा दीड वर्ष लांबला, वर आतापासूनच बाथरूमच्या भिंती ओल धरतायत. बिल्डर म्हणतोय 'माझी कोणतीही तक्रार नाही व भविष्यात करणार नाही' असं ताबा पावतीवर लिहून द्या मगच चावी. चौघांनी दिलंसुद्धा. (एक वाचक, कराड)

उत्तर : ताई, चौघांनी दिलं म्हणून तुम्ही देऊ नका, आणि त्या चौघांनापण सांगा की सगळं गेलं असं नाही. बेंगळुरूला डीएलएफ या बिल्डरच्या प्रोजेक्टमधले 339 फ्लॅटधारक तक्रार घेऊन गेले होते, त्यांच्याही गळ्यात असंच लिहून देणं पडत होतं. 2020 मध्ये सुप्रीम कोर्टानं म्हटलं की ताबा किंवा खरेदीखत हवं असेल तर उशिराच्या भरपाईचा हक्क सोड, अशी अट ग्राहकावर घालणं वाजवी नाही.

ओल येतीय ती बिल्डरला लेखी कळवा, फोटो तारखेसकट. ताब्यापासून 5 वर्षांत बांधकामातला दोष कळवला तर 30 दिवसांत स्वतःच्या खर्चानं दुरुस्त करून द्यायचा असतो, हे रेराचं कलम 14. उशिराचं व्याज वेगळं, महाराष्ट्रात स्टेट बँकेच्या सगळ्यात वरच्या एमसीएलआरवर (बँकेनं कर्जासाठी ठरवलेला पायाभूत व्याजदर) 2 टक्के. महारेराला तक्रारीची फी 5 हजार.

एकत्र जायचं तर नीट ठरवून जा. ओल 18 मधल्या 10 घरांत असेल तर ती 10 जणांची तक्रार, ओढूनताणून सगळ्यांची म्हणू नका. ब्रिगेड एंटरप्रायझेस या बिल्डरच्या केसमध्ये 2021 ला हेच झालं, थोड्या लोकांनी सगळ्यांच्या वतीनं म्हणून तक्रार केली, सुप्रीम कोर्टानं ते मानलं नाही, पण त्यांची स्वतःची संयुक्त तक्रार चालेल म्हटलं. आणि सोसायटी अजून झाली नसेल तर सहकारी संस्थांच्या निबंधकांकडं सोसायटी नोंदवायचा अर्ज आधी टाका, बिल्डर ते मुद्दाम लांबवत असतात.

पावतीवर सही करायचीच वेळ आली तर सहीच्या वर स्वतःच्या हातानं 'ओल व विलंबाबाबतची तक्रार कायम ठेवून ताबा घेतला' एवढं लिहा आणि झेरॉक्स घेऊनच बाहेर पडा.