'बिझनेस पिच'ला मराठीत काय म्हणावं?

सांगलीहून एका ताईंचा प्रश्न आला आहे. त्यांचा बचत गट हळद आणि कांदा-लसूण मसाला करतो. एका प्रदर्शनात प्रत्येक गटाला दोन मिनिटांत 'बिझनेस पिच' द्यायचा आहे, म्हणजे आपला उद्योग थोडक्यात पटवून सांगायचा आहे, आणि समोर बँकेची माणसं व व्यापारी बसणार आहेत. 'पिच'ला निवेदन म्हणावं, प्रस्ताव म्हणावं की सादरीकरण, असं त्या विचारतात. सोबत त्यांनी आपला मसुदाही दिलाय: 'आमच्या समूहाद्वारे उच्च गुणवत्तेची, शुद्ध व नैसर्गिक हळद पावडर ग्राहकांसाठी उपलब्ध करून दिली जाते. ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय आहे.'

ताई, तिन्ही शब्द मराठीच आहेत, पण तिन्ही दुसऱ्या कामाला लागलेले आहेत. निवेदन आपल्याकडे तहसीलदाराला नाहीतर जिल्हाधिकाऱ्यांना देतात. त्यात मागणी असते, बऱ्याचदा तक्रार असते, मागं मोर्चाही असतो. प्रस्ताव वर जातो, टेबलावर अडकतो, मंजूर होतो किंवा परत येतो. तो कागदाचा शब्द आहे, तोंडचा नाही. सादरीकरण म्हटलं की पडदा आणि स्लाइडी डोळ्यासमोर येतात. तुम्हाला तर उभं राहून, समोरच्याच्या डोळ्यात बघून बोलायचंय.

माझ्या मते यासाठी नेमका शब्द 'मांडणी' आहे. नुसतं 'पिच'च्या जागी बसतो म्हणून मी तो सुचवत नाही. या शब्दात जे आहे तेच तुम्हाला त्या दोन मिनिटांत करायचंय. आपण दुकान मांडतो, म्हणणं मांडतो, गणित मांडतो, हिशोब मांडतो, पटावर डाव मांडतो. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे: समोरच्याला सगळं एका नजरेत दिसेल अशा क्रमानं ठेवणं. स्वयंपाकघरातल्या भांड्यांच्या रॅकलाही आपण मांडणीच म्हणतो, कारण तिथं हात घातला की हवं ते भांडं सापडतं. शब्दाचं मूळ संस्कृत 'मंडन'शी जोडलेलं आहे. 'खंडन-मंडन' या जोडीत मंडन म्हणजे आपली बाजू उभी करणं.

इंग्रजी 'पिच'चा मूळ अर्थ ठोकणं, रोवणं, फेकणं असा आहे. तंबू ठोकायलाही हेच क्रियापद. इंग्लंडात रस्त्यावरच्या विक्रेत्याच्या ठरलेल्या जागेला पिच म्हणतात, आणि तिथं उभं राहून तो जे बोलतो त्यालाही. आपल्या आठवडी बाजारात लोक पाल ठोकतात आणि माल मांडतात. कल्पना तीच, म्हणून मांडणी इथं उसनी वाटत नाही. बाजारातली 'हाळी' मला फार आवडते, पण ती जाणाऱ्या-येणाऱ्याला थांबवण्यापुरती. थांबलेल्या माणसाला हाळी देत नाहीत, त्याच्यापुढं माल मांडतात.

आता तुमचा मसुदा. प्रश्न शब्दाचा विचारलात, पण खरी अडचण मसुद्याच्या वाक्यरचनेत आहे, म्हणून तिथं जरा थांबतो.

'समूहाद्वारे उपलब्ध करून दिली जाते' या वाक्यात करणारं माणूसच नाही. मराठीत क्रियापद शेवटी येतं. वाक्य लांबलं की ऐकणारा शेवटच्या शब्दाची वाट बघत राहतो, आणि मिळतं काय, तर 'दिली जाते'. तुम्ही हळद दळता ना? मग 'दळतो' म्हणा. 'आम्ही सात जणी हळद दळतो' एवढ्या पाच शब्दांत कोण, किती आणि काय करतात हे सगळं आलं. एका वाक्यात शक्यतो एकच क्रियापद ठेवलंत तर बोलताना दम लागत नाही आणि ऐकणाऱ्यालाही धागा सापडतो.

दुसरी गोष्ट, 'शुद्ध' आणि 'नैसर्गिक'. गेल्या काही वर्षांत या शब्दांचं पेव फुटलंय. 'पेव फुटणं' या वाक्प्रचारातलं पेव तुमच्याच गावाशेजारी बघायला मिळतं. कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या हरिपुरात जमिनीखाली खोल पेवं खणून त्यांत हळद साठवायचे. आत हवा खेळत नसल्यानं कीड जगत नाही आणि हळद वर्षानुवर्षं टिकते. 2005 च्या महापुरात पाणी शिरून त्यातली बरीच पेवं कामातून गेली. असं पेव फुटलं की आतला माल एकदम बाहेर येतो, म्हणून एखाद्या गोष्टीचा सुळसुळाट झाला की तिचं पेव फुटलं म्हणतात. प्रत्येक पुडीवर 'शुद्ध' छापलेलं असताना तुमच्या तोंडच्या 'शुद्ध'ला वजन राहत नाही. शिवाय अन्नपदार्थांच्या जाहिरातींबाबत 2018 चे नियम आहेत. 'नैसर्गिक', 'पारंपरिक', 'अस्सल' अशा शब्दांना त्यांत अटी घातल्या आहेत. पुडीवर छापण्याआधी त्या बघून घ्या.

मग विश्वास कसा बसवायचा? समोरच्याच्या मनातली शंका ओळखून तिचंच उत्तर द्यायचं. तुमच्याच जिल्ह्यात किर्लोस्करवाडी आहे, 1910 साली वसलेली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला तेव्हा लोखंडानं जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. नांगर किती मजबूत आहे हे कितीही सांगितलं असतं तरी त्या समजुतीला उत्तर मिळालं नसतं. हळदीच्या गिऱ्हाइकाची शंका भेसळीची असते. मेटॅनिल यलो, लेड क्रोमेट असले रंग हळदीत सापडलेले आहेत, हे लोकांनी वाचलेलं असतं. त्यामुळं 'शुद्ध'पेक्षा 'हळकुंडं दाखवतो, तुमच्यासमोर दळून देतो' हे वाक्य कितीतरी जड आहे. हळकुंड डोळ्यांना दिसतं, पावडरीत काय आहे ते दिसत नाही.

'सांगलीची हळद' हे दोन शब्द मात्र जरूर बोला. सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन, म्हणजे ती या भागाची खास वस्तू असल्याची सरकारी नोंद, मिळालं आहे, आणि बाहेरचा व्यापारी ते ओळखतो. मानांकनाचं बोधचिन्ह पुडीवर छापायचं असेल तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते, एवढं ध्यानात ठेवा.

मसाल्याच्या बाबतीत नावाकडं लक्ष द्या. सांगली-साताऱ्यात उन्हाळ्यात मिरची कांडून वर्षभरासाठी जो मसाला करून ठेवतात त्याला घरात आपण नुसती 'चटणी' म्हणतो. पुण्या-मुंबईच्या व्यापाऱ्यापुढं 'आमची चटणी' म्हणालात तर त्याला खोबऱ्याची नाहीतर शेंगदाण्याची वाटेल. त्याच्यापुढं 'कांदा-लसूण मसाला', आणि इस्लामपूरच्या, तासगावच्या गिऱ्हाइकापुढं बिनदिक्कत 'चटणी'. वस्तू तीच, ऐकणारा बदलला की नाव बदलायचं.

सगळं एकत्र केलं तर साधारण असं होईल. तपशील मी धरून चाललोय, तुमचे खरे घाला:

'नमस्कार. आम्ही सात जणी सांगलीत हळद दळतो. हळकुंडं शेतकऱ्याकडून थेट घेतो. महिन्याला खपतील तेवढीच दळतो. म्हणून पुडी फोडली की वास घरभर होतो. हळकुंडं इथं ठेवलीत, हवं तर तुमच्यासमोर दळून देतो. आज आम्ही वीस खानावळींना दर आठवड्याला माल पोचवतो. आणखी मागणी आहे, पण गिरणी लहान पडते. मोठ्या गिरणीला चार लाख लागतील. चाळीस हजार आमचे आहेत, बाकीचं कर्ज हवंय.'

सावकाश बोललात तरी हे मिनिटभरात संपतं, आणि उरलेलं मिनिट त्यांच्या प्रश्नांना राहतं. ते प्रश्न बहुधा पैशाचेच असतील, म्हणून 'खेळतं भांडवल', 'उधारी', 'स्वतःचा हिस्सा' हे शब्द जिभेवर तयार असू द्या. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत पात्र प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख रुपये अनुदान ठरलेलं होतं, आणि स्वतःचा हिस्सा किमान 10 टक्के लागायचा; आता काय आहे ते बँकेत विचारून घ्या. वरच्या चार लाखांत चाळीस हजार त्यासाठीच धरलेत. बँकेच्या माणसापुढं हिशोब मांडणं हाच मांडणीचा अर्धा भाग आहे.

'बोलणाऱ्याची मातीही विकली जाते, न बोलणाऱ्याचं सोनंही विकलं जात नाही' ही म्हण अशा वेळी हमखास ऐकवली जाते. मला ती या कामापुरती पटत नाही. तिच्या भरीस पडून माणूस बोलतच सुटतो. त्यापेक्षा 'थोडक्यात गोडी, फारात लबाडी' ही जुनी म्हण इथं जास्त खरी आहे. बँकेतला माणूस दिवसभर माणसंच बघत असतो. बोलणं पसरलं की यांना काहीतरी झाकायचंय असं त्याला वाटायला लागतं.

एक सावधगिरी राहिली. 'मांडणी' चांगला, पण 'मांडणे'च्या आधी कोणता शब्द लावता ते बघा. 'धंदा मांडलाय', 'बाजार मांडलाय' यांना मराठीत वाईट वास आहे. देवाधर्माचा, शिक्षणाचा बाजार मांडला असं आपण रागानं म्हणतो. म्हणून बोलताना 'आमचं काम मांडते' म्हणा, आणि कागदावर मथळा 'उद्योगाची थोडक्यात मांडणी' असा द्या. आयोजकांच्या फॉर्मवर 'पिच' छापलेलं असेल तर तिथं खाडाखोड करू नका. दोन्ही शब्द शेजारी लिहिलेत तरी चालेल.