सी भाषेत फ्लोटचा पॉइंटर इंटच्या पॉइंटरमध्ये कास्ट केल्यावर १.० ऐवजी १०६५३५३२१६ का छापले जाते?

तुमच्या प्रोग्रॅममध्ये 'क' या फ्लोट (दशांश संख्या ठेवणाऱ्या) व्हेरिएबलमध्ये १.० आहे; (इंट)क, म्हणजे पूर्णांकात कास्ट, लिहिले की १ मिळतो आणि *(इंट *)&क लिहिले की १०६५३५३२१६. दोन्हीकडे कास्ट, म्हणजे प्रकार बदलण्याची सूचना, असला, तरी काय कास्ट होते आहे हे नीट पाहायला हवे. पहिल्या ठिकाणी खुद्द किंमत कास्ट होते, म्हणजे अपूर्णांक गाळून पूर्णांकाचे नवे बिट तयार होतात. दुसऱ्या ठिकाणी कास्ट होतो तो पॉइंटर, म्हणजे 'क'चा मेमरीतला पत्ता. मेमरीतला एकही बिट हलत नाही, फक्त डावीकडच्या * ने डीरेफरन्स करताना (पत्त्यावरची किंमत वाचताना) त्या पत्त्यापासून किती बाइट उचलायचे आणि त्यांचा अर्थ कसा लावायचा, हे कंपायलर आता इंटच्या नियमाने ठरवतो.

तो मोठा आकडा मुळीच कचरा नाही. फ्लोट साठवण्याच्या आयईईई ७५४ या प्रमाण पद्धतीच्या ३२ बिटांत १ बिट चिन्हाचा, ८ घातांकाचे आणि २३ अपूर्णांकाचे असतात. १.० चा घातांक शून्य असला तरी तो १२७ मिळवून साठवतात आणि बाकीचे सगळे बिट शून्य राहतात. तेच बिट पूर्णांक म्हणून वाचले की १२७ गुणिले ८३८८६०८ (घातांकाच्या उजवीकडे २३ बिट असल्यामुळे २ चा २३वा घात), म्हणजे बरोबर तुमचा आकडा येतो. हा गुणाकार एकदा स्वतः कागदावर करून पाहाच.

तरीही प्रत्यक्ष कामाच्या कोडमध्ये असे लिहू नका, हे मी आग्रहाने सांगेन. फ्लोटची जागा इंटच्या पॉइंटरने वाचणे सी मानकानुसार अनडिफाइन्ड बिहेवियर आहे, म्हणजे काय होईल याची मानक काहीच हमी देत नाही. जीसीसी या कंपायलरमध्ये ओ-२ पातळीचे ऑप्टिमायझेशन (कोड वेगवान करणारे बदल) लावले, की हे दोन पॉइंटर एकाच जागेकडे बोट दाखवत नाहीत असे कंपायलर गृहीत धरतो, आणि मग 'क'मध्ये नवी किंमत लिहिली जाण्याआधीच जुनी वाचली जाऊ शकते. बिटच हवे असतील तर मेमकॉपी या बाइट जसेच्या तसे उतरवणाऱ्या फंक्शनने ते तेवढ्याच आकाराच्या पूर्णांकात उतरवून घ्या.

अनसाइन्ड कॅर या एका बाइटच्या प्रकाराच्या पॉइंटरला मात्र कोणत्याही प्रकारचे बाइट वाचायची मुभा आहे. त्याने 'क' वाचल्यास इंटेलच्या नेहमीच्या संगणकावर ०, ०, १२८, ६३ असे क्रमाने दिसतील, कारण तिथे सर्वांत कमी महत्त्वाचा बाइट आधी ठेवलेला असतो. व्हॉइड पॉइंटरला प्रकारच नसल्यामुळे तो कास्ट केल्याशिवाय डीरेफरन्स करता येत नाही.